रेशो निवडण्याआधी

गाडी बंदच असू द्या. किल्ली खिशात राहू द्या. हे मनन बसून करायचं आहे आणि त्याला अर्धा-पाऊण तास लागला तरी बिघडत नाही. ज्या बदलाचा तुम्ही विचार करताय, तो एकदा झाला की पुढची कित्येक वर्षं प्रत्येक गिअरमध्ये, प्रत्येक किलोमीटरला तुमच्याबरोबर राहणार आहे.

असं धरू, की तुमच्याकडे मागची चाकं फिरवणारी स्पोर्ट्स गाडी आहे आणि तुमचं राहणं बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात आहे. मागच्या अ‍ॅक्सलमधला ३.५५ चा क्राऊन-पिनियन काढून ४.१० चा बसवावा, असं मनात घोळतंय. कुणी तरी सांगितलंय, की गाडी मग उचलायला लागते, पिकअप वाढतो. सांगणाऱ्याचं खोटं नाही. पण किती वाढतो, कोणत्या वेगात वाढतो आणि कशाच्या बदल्यात, हे त्याने सांगितलेलं नाही. ते आज आपण सावकाश पाहू.

आधी नुसत्या आकड्याजवळ बसा. इंजिनाकडून मागे येणारा शाफ्ट अ‍ॅक्सलच्या हाऊसिंगमध्ये शिरतो. त्याच्या टोकाला लहानसं दातेरी चाक असतं, ते पिनियन. ते ज्याला फिरवतं ते मोठं चाक म्हणजे क्राऊन. पिनियनला ११ दाते आणि क्राऊनला ३९ असले, की भागाकार येतो ३.५५, हाच रेशो. पिनियनला १० आणि क्राऊनला ४१ असले, की ४.१०. म्हणजे मागचं चाक एकदा फिरायला शाफ्टला साडेतीनच्या थोडे वर फेरे घ्यावे लागतात किंवा चारच्या थोडे वर. तुमचा सगळा प्रश्न या अर्ध्या फेऱ्याएवढा आहे.

तो अर्धा फेरा डोळ्यांसमोर आणा. ४.१० ला ३.५५ ने भागलं, की १.१५ च्या जरा वर उत्तर येतं. चाकाला मिळणारा जोर प्रत्येक गिअरमध्ये १५ टक्क्यांनी वाढतो. त्याच वेळी प्रत्येक गिअरमध्ये गाठता येणारा वेग १३ टक्क्यांनी कमी होतो. ही दोन्ही वाक्यं एका श्वासात म्हणून बघा. पहिलं तेवढं म्हणायचं आणि दुसरं गिळायचं, ही सवय आपल्याला बाजारात लागते. अ‍ॅक्सलमध्ये ती चालत नाही.

आता एक गोष्ट मनात नीट बसू द्या. इंजिनाची ताकद या बदलाने वाढत नाही. बोनेटखाली काहीच बदललेलं नसतं. नीरा डाव्या कालव्यावर रात्री दारं धरणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पाळीला जेवढं पाणी आलं तेवढंच आलं. कोणत्या वाफ्यात आधी सोडायचं आणि कोणता कोरडा ठेवायचा, एवढंच त्याच्या फावड्याच्या हातात असतं. रेशो निवडणं म्हणजे ते फावडं हातात घेणं.

मग वाफे कोणते आहेत, ते बघू.

हा पट्टा तसा संथ जोराचा आहे. गाळप सुरू झालं, की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या लागतात. त्या ट्रॅक्टरचं मागचं चाक मनात आणा. त्याचा घेर चार मीटरच्या आसपास असतो. उसाच्या सरीत तो ताशी तीन किलोमीटरने चालला, तर ते चाक मिनिटाला जेमतेम बारा-तेरा फेरे घेतं. त्याच वेळी इंजिन दोन हजारांवर फिरत असलं, तर मधल्या सगळ्या गिअरांनी मिळून वेग एकशे साठ पटीने उतरवलेला असतो. तोच ट्रॅक्टर कारखान्याच्या रस्त्यावर ताशी तीसने निघाला, की ही घट सोळा पटींवर येते. एकाच यंत्राला दोन कामं करायची असतात, म्हणून त्याच्या मालकाला मागचा एक आकडा निवडावा लागत नाही. लो आणि हायची दांडी त्याच्या हाताशी असते.

ट्रॉली काट्यावरून पुढे सरकते, ऊस गव्हाणीत पडतो आणि तिथून गिरणीच्या लाटांखाली जातो. गिरणी चालवणारं टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेतं. ऊस चिरडणाऱ्या लाटा मात्र चार-सहा फेऱ्यांच्या वर जात नाहीत. मधलं अंतर कापतात ते गिअर. हे गिअर बनवणारं गाव याच तालुक्यात आहे. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला गेल्या शतकाच्या तिशीत साखर कारखाना उभा राहिला आणि त्याच्या आधाराने यंत्रं घडवणारा उद्योग वाढला. साखर कारखान्याची यंत्रसामग्री, मोठमोठे गिअरबॉक्स, पुढे इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटसाठी मोटारींची कवचं, एवढी त्याची मजल गेली. गावाला ज्यांचं नाव आहे त्या वालचंद हिराचंदांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट आणि नंतरची पद्मिनी दोन्ही मागच्या चाकांवर चालायच्या. त्या गाड्या उघडून बघितलेले मिस्त्री तुमच्या तालुक्यात अजूनही सापडतील. तुमच्या मनातला क्राऊन-पिनियन या मातीला नवखा नाही.

इथे जरा थांबा. टर्बाइन आणि लाटा यांच्या मधला आकडा ठरवताना कारखान्याचा इंजिनियर काय विचारत असेल? लाटेने मिनिटाला किती ऊस ओढायचा आहे, हे. तो कामाकडून इंजिनाकडे जातो. आपण गाडीच्या बाबतीत बरेचदा उलटे निघतो. इंजिनाच्या आवाजापासून सुरुवात करतो आणि रस्त्याचा विचार शेवटी करतो, क्वचित करतही नाही.

म्हणून आता मागच्या रेशोच्या इतिहासात एक फेरी मारू. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप आठवा. तिच्या मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो होता ४.८८, म्हणजे ३९ दाते आणि ८ दाते. युद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, तीच जीप नागरी कामासाठी सीजे-२ए या नावाने बाजारात आली. शेतात नांगर ओढायचा, बांधावरून जायचं, लाकडाचे ओंडके खेचायचे. इंजिन जवळपास तेच, साठ अश्वशक्तीचं. रेशो मात्र ५.३८ झाला, म्हणजे ४३ आणि ८. जोर दहा टक्के वाढला, वेग तेवढ्या प्रमाणात उतरला. महिंद्राने पुढे आपल्याकडे बनवलेली सीजे-३बी त्याच घराण्यातली. पश्चिम महाराष्ट्रात ज्या जीपच्या बोनेटवर बसून निवडणुकीच्या मिरवणुका निघाल्या, तीच ही.

दुसरं उदाहरण उलट्या दिशेचं. माझदाची एमएक्स-५ ही छोटी दोन आसनी गाडी १.६ लिटरच्या इंजिनासह आली तेव्हा तिचा मागचा रेशो ४.३० होता. १९९४ च्या सुमारास इंजिन १.८ लिटरचं झालं आणि रेशो ४.१० वर उतरला. इंजिनात दम वाढला, तशी गुणाकाराची गरज कमी झाली.

या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवा. जीपचं काम बदललं म्हणून रेशो बदलला. माझदाचं इंजिन बदललं म्हणून रेशो बदलला. तिसरं एक कारण असतं, ते टायरचं. चाकाचा घेर दोन मीटरचा असेल आणि तुम्ही हौसेने २.१ मीटर घेराचे टायर चढवले असतील, तर तुमचा ३.५५ आता ३.३८ सारखा वागतोय. गाडी मंदावली असं वाटतं ते खरं असतं. तिथे ३.७३ बसवला, की गाडी पुन्हा मूळ ३.५५ च्या चालीवर येते. मिळालं काही नाही, गेलेलं परत आलं.

आता डोळे मिटून स्वतःला विचारा. माझं यातलं काय बदललंय? काम, इंजिन की टायर?

उत्तर "काहीच नाही" असं आलं तरी दचकू नका. चौथंही एक कारण असतं. गाडीच्या कारखान्याने रेशो ठरवला तो सगळ्या जगातल्या सरासरी मालकासाठी, पेट्रोलचा आणि आवाजाचा हिशेब सांभाळून. तुमचा रस्ता त्या सरासरीपेक्षा वेगळा असू शकतो. आणि हौस हेही कारण आहेच. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरं. फक्त तिला हौस म्हणा, गरज म्हणू नका. पुढचे सगळे हिशेब त्यामुळे सोपे होतात.

तर मग रस्ता. मनातल्या मनात बारामतीहून निघा. इंदापूरपर्यंत पन्नासएक किलोमीटर. काटेवाडी मागे पडते. भवानीनगरला छत्रपती कारखान्याच्या दारात हंगामात ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. सणसर, बेलवाडी, लासुर्णे. जंक्शनला वालचंदनगरचा फाटा निघतो. पुढे अंथुर्णे, शेळगाव, निमगाव केतकी आणि मग इंदापूर, जिथे पुणे-सोलापूर महामार्ग भेटतो. या वाटेवर चढ किती लागले? मोजायला गेलात तर पुलांचे चढच मोजावे लागतील. घाट एकही नाही. भीमा आणि नीरेच्या मधला हा सपाट मुलूख आहे. "घाटात गाडी ओढत नाही" हे कारण तुमच्या यादीत असेल, तर त्यावर आत्ताच काट मारा. वर्षातून एकदा महाबळेश्वरला जाताना लागणाऱ्या घाटासाठी गिअरबॉक्समध्ये दुसरा आणि तिसरा गिअर दिलेला आहे.

हाच रस्ता तुकोबांच्या पालखीचा. आषाढात काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला अश्वांचं. २०२१ च्या नोव्हेंबरात पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाचं भूमिपूजन झालं आणि पाटसहून बारामती, इंदापूरवरून पुढे जाणारी ही वाट रुंद होत गेली. पूर्वी ज्या रस्त्यावर एसटीच्या मागे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये अडकून राहायचं, तिथे आता टॉप गिअरमध्ये सलग जाता येतं. याचा तुमच्या प्रश्नाशी सरळ संबंध आहे. रस्ता जसा मोकळा होतो, तशी मोठ्या आकड्याच्या रेशोची गरज घटते. दहा वर्षांपूर्वी याच गाडीला ४.१० कदाचित शोभला असता.

आता पाटी घेतल्यासारखे आकडे मांडू. घाई नको, एकेक ओळ बघा.

चाकाचा घेर दोन मीटर धरा. ताशी १०० किलोमीटर, म्हणजे चौपदरी महामार्गावरची मोटारीची मर्यादा. त्या वेगाला चाक मिनिटाला ८३३ फेरे घेतं. टॉप गिअर ०.८० चा आहे असं समजू. ३.५५ असेल, तर इंजिन २,३६७ वर फिरेल. ४.१० असेल, तर २,७३३ वर. कागदावर साडेतीनशेचा फरक किरकोळ दिसतो. पण इंदापूरला जाऊन परत येण्याचे शंभर किलोमीटर धरले, तर इंजिनाला सुमारे २२ हजार फेरे जास्त मारावे लागतात. प्रत्येक शंभर किलोमीटरला. सायलेन्सर बदललेला असेल, तर हा फरक कानांना आधी कळतो, खिशाला नंतर.

दुसरी ओळ. दुसरा गिअर २.०० चा आणि इंजिनाची लाल रेघ ६,५०० ला. ३.५५ वर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ताशी ११० पर्यंत जाते. ४.१० वर ती ९५ ला संपते. आता कल्पना करा, सिग्नलवरून शून्य ते शंभरची वेळ मोजायची आहे. ४.१० ची गाडी सुरुवातीला पुढे निघेल. ९५ ला तिला तिसरा गिअर टाकावा लागेल, क्लच दाबावा लागेल आणि त्या क्षणी मागची चाकं मोकळी असतील. कमावलेलं सगळं त्या एका बदलात जाऊ शकतं. गाडी जास्त जोरात वाटेल आणि घड्याळ मात्र तसं म्हणणार नाही. जोराचा भास आणि वेग यांच्यातली ही फट या विषयात फार जणांना चकवते.

तिसरी ओळ. ३.७३ धरला तर काय होतं? तो ४१ आणि ११ चा. ३.५५ पेक्षा पाच टक्क्यांनी मोठा. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी १०४ च्या पुढे जाते, म्हणजे शंभरी त्याच गिअरमध्ये गाठता येते. टॉपमध्ये शंभरला इंजिन २,४८७ वर. बाजारात ४.१० चं नाव मोठं आहे, ३.७३ ला कुणी टाळ्या वाजवत नाही. तरी या आकड्याजवळ थोडं जास्त थांबा.

हे आकडे तुमच्या गाडीचे नाहीत, उदाहरणाचे आहेत. तुमच्या टायरवरचं माप, गिअरबॉक्सचे रेशो आणि लाल रेघ घेऊन हीच तीन गणितं तुम्हाला करायची आहेत. मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरतो.

आता टायर आणि डांबर जिथे भेटतात, तिथे लक्ष न्या. दोन तळहातांएवढी जागा. सगळा जोर अखेर तिथून जमिनीला मिळतो. पहिल्या गिअरमध्ये पाय दाबला, की मागची चाकं जागच्या जागी फिरतात का? फिरत असतील, तर जोर आधीच जास्त आहे. आणखी १५ टक्के वाढवले, की धूर १५ टक्के वाढेल. हंगामात रस्त्यावर उसाचं वाडं सांडलेलं असतं, ट्रॉल्यांनी शेतातून आणलेला काळा चिखल वाळून पसरलेला असतो, त्यावर पहाटेचं दव पडतं. त्या रस्त्यावर आणि त्या टायरवर तुम्हाला कमी जोर वाटतोय का? असा प्रश्न आला, की पैसे चांगल्या टायरकडे वळवणं हे कित्येकदा जास्त शहाणपणाचं ठरतं.

इतका वेळ आपण आकड्यांत होतो. आता एका दात्याजवळ जाऊ.

पिनियनचा एक दाता निवडा. मनात त्याला शेंदराचा ठिपका लावा. गाडी हळू पुढे सरकते आहे. तो दाता क्राऊनच्या एका दात्याला टेकतो, तेलाच्या पातळ पडद्यातून घसरत जोर देतो आणि सुटतो. एक फेरा घेऊन परत येतो, तर समोर दुसराच दाता. पुढच्या फेऱ्याला आणखी दुसरा. दहा आणि एकेचाळीस यांना सामाईक भाजक नाही, म्हणून तो क्राऊनच्या एकेचाळीसही दात्यांना भेटल्याशिवाय पहिल्याकडे परतत नाही. तोवर चाकाचे दहा फेरे झालेले असतात आणि गाडी वीस मीटर पुढे आलेली असते. १० आणि ४० दाते ठेवले असते, तर तीच जोडी दर दोन मीटरला भेटली असती. एका दात्याची खोड मग समोरच्या त्याच चार दात्यांना खात राहिली असती. म्हणून बनवणारे शक्यतो असे आकडे घेतात ज्यांना सामाईक भाजक नाही. ३९ आणि ११ बघा, ४३ आणि ८ बघा. झीज सगळ्यांत वाटली जाते.

याच दात्यांत आणखी एक गोष्ट आहे. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. त्यांच्यावर जोडीचा आकडा कोरलेला असतो. एकाचा पिनियन आणि दुसऱ्याचा क्राऊन असा संसार होत नाही. नवी जोडी बसवताना दोघांच्या दात्यांमध्ये थोडी मोकळीक ठेवावी लागते, साधारण मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी. ती डायल लावून मोजतात. पिनियन किती आत आणि किती बाहेर, हे पातळ शिम घालून ठरवतात. दात्यांना रंग लावून फिरवतात आणि रंगाचा डाग कुठे उमटतो ते बघतात. डाग दात्याच्या मधोमध आला तर ठीक, टोकाला किंवा मुळाशी गेला तर सगळं पुन्हा उघडायचं. मोकळीक कमी राहिली तर दाते तापतात, जास्त राहिली तर प्रत्येक वेळी पाय सोडला-दाबला, की मागे खट्ट वाजतं. नीट जमलं नाही तर ऐंशीच्या पुढे गाडी बारीक सुरात रडायला लागते आणि तो सूर तुम्हाला पुण्यापर्यंत सोबत करतो.

म्हणून पुढचा प्रश्न रेशोचा नाही, हाताचा आहे. हे काम करणारा माणूस तुमच्या माहितीत आहे का? त्याच्याकडे डायल आहे का? तो रंग लावून बघतो, की "बसतंय की" म्हणून नट आवळतो? खोललेल्या बेअरिंग आणि सील बदलायच्याच असतात, ते त्याच्या हिशेबात आहे का? काही गाड्यांना ठरावीक रेशोच्या पुढे गेलं, की आतला कॅरियरही बदलावा लागतो. तो खर्च धरलाय का? मोठ्या आकड्याच्या जोडीत पिनियन बहुधा लहान होतो, दाते कमी होतात आणि जोर मात्र त्याच दात्यांवरून जायचा असतो. तुमचं इंजिन आधीच वाढीव ताकदीचं असेल, तर हा मुद्दा दोनदा वाचा.

बसवून झाल्यावरही संयमाची परीक्षा असते. पहिली फेरी छोटी, मग गाडी पूर्ण थंड होऊ द्यायची. पहिले काहीशे किलोमीटर जोर नाही, ओढ नाही, लांब पल्ल्याची सलग धाव नाही. मग तेल बदलायचं, त्यात चमकणारा बारीक भुगा दिसला तर घाबरायचं नाही, तुकडे दिसले तर थांबायचं. तुमच्या गाडीचा स्पीडोमीटर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाकडून वेग घेत असेल, तर ४.१० नंतर काटा खोटं बोलेल. तो १०० दाखवेल तेव्हा गाडी ८६-८७ ला असेल. तो सुधारून घ्यावा लागतो. आणि गाडीतला कोणताही बदल नोंदणीच्या कागदाशी आणि विम्याशी जुळतो का, हे आधी विचारून घ्यावं लागतं.

हे सगळं जड वाटत असेल, तर याच प्रश्नाची हलकी आवृत्ती बारामतीच्या एमआयडीसीत तयार होते. पियाज्योच्या कारखान्यातून माल वाहणारी आपे रिक्षा निघते, २०१२ पासून व्हेस्पा निघते आणि आता एप्रिलिया आरएस ४५७ ही स्पोर्ट्स मोटरसायकलही तिथेच बनून जगभर जाते. ४५७ सीसी, दोन सिलिंडर, ४७.६ पीएस ताकद ९,४०० आरपीएमला, सर्वाधिक टॉर्क ६,७०० ला. मोटरसायकलचा मागचा रेशो म्हणजे साखळीची दोन दातेरी चाकं. पुढच्या चाकाला १५ आणि मागच्याला ४५ दाते असतील, तर पुढचा एक दाता कमी करणं म्हणजे मागे तीनएक दाते वाढवणं. दुपारी चाक बदललं आणि संध्याकाळी पटलं नाही, तर दुसऱ्या दिवशी परत. मोटारीच्या मालकाला ही मुभा नाही. मोटरसायकलवाला करून बघतो, मोटारवाल्याला विचार करून बघावा लागतो. म्हणून तर आपण बसलो आहोत.

आता शेवटची बैठक. एक कागद घ्या.

पहिल्या ओळीवर लिहा, वर्षाच्या बारा महिन्यांत तुमची गाडी सर्वात जास्त वेळ कोणत्या वेगात असते. आठवणीतला सर्वात भन्नाट वेग नको. तास मोजले तर जो भरेल, तो. कित्येकांच्या कागदावर इथे सत्तर-ऐंशी येईल, काहींच्या चाळीस. दुसऱ्या ओळीवर लिहा, त्या वेगाला टॉप गिअरमध्ये इंजिन आज किती फिरतं आणि तिथे पाय दाबला तर गाडी ऐकते का, की गिअर खाली टाकावा लागतो. तिसऱ्या ओळीवर लिहा, दुसरा गिअर कुठे संपतो आणि नव्या रेशोने कुठे संपेल.

तीन ओळींकडे बघत राहा. त्यांतून उत्तर बहुधा आपोआप वर येतं. टॉपमध्ये गाडी ऐकत नसेल, रोज खाली गिअर टाकावा लागत असेल, तर रेशो वाढवायला सबळ कारण आहे. या सपाट मुलखात, या रुंद झालेल्या रस्त्यावर ते कारण बहुतेक ३.७३ नेच भागेल. गाडी फक्त शर्यतीच्या ट्रॅकवर चालवणार असाल, तिथली वळणं आणि सरळ पट्टा मोजून बघितला असेल, तर ४.१० खुशाल घ्या. टॉपचा वेग गेला तरी तिथे हळहळ वाटणार नाही. आणि गाडी जशी आहे तशी ऐकत असेल, फक्त दुसऱ्याच्या गाडीचा आवाज ऐकून मन चळलं असेल, तर तेही कागदावर दिसेल. त्या पैशांत चार चांगले टायर येतात, ब्रेकचे पॅड येतात आणि वर डिझेलच्या धुरात हरवलेली नाकं मोकळी करायला कोकणात एक फेरी होते.

ज्या वेगात तुम्ही खरोखर राहता, त्या वेगासाठी रेशो निवडा. बाकीच्या वेळांसाठी गिअरची दांडी आहेच, ती फुकट मिळालेली आहे. एवढं ठरलं, की गॅरेजला फोन लावा. मिस्त्री विचारेल, कोणता रेशो टाकायचा? त्याला आधी तुमचा रस्ता सांगा. चांगला मिस्त्री असेल तर तिथूनच पुढचं बोलणं सुरू करेल आणि तो तसं करत नसेल, तर दुसरा मिस्त्री शोधा.